पंगतीतली खुर्ची

धायरी, पुणे
४ नोव्हेंबर २००१

ती. स्व. रामदासदादा यांस,
माधवचा शि. सा. न. वि. वि.

चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितोय ते माझ्या खुब्याच्या निमित्ताने. म्हणजे स्वार्थ सुटलेला नाहीच. उजवा खुबा पार झिजलाय. वीस तारखेला तो काढून नवा बसवणार आहेत. मंदाकिनीने आत्तापासूनच घराचं इस्पितळ केलंय: सतरंज्या गुंडाळल्या, पलंगाखाली विटा दिल्या, कमोडवर उंच बैठक बसवली. ऑपरेशनला किडका दात चालत नाही म्हणून एक दाढही काढून आलो. तनया तिच्या सॉफ्टवेअर कंपनीतून इंटरनेटवरची पानं छापून आणते आणि बापाला त्याचंच हाड समजावून सांगते. वॉकर धरून चालायचंही आधीच शिकवतात. मंडईत दोन्ही हातांत पिशव्या घेऊन सगळ्यांच्या पुढे चालणारा मी आता पांगुळगाडा ढकलतोय.

पण पत्र त्यासाठी नाही. व्यायाम शिकवणारी प्रियदर्शनी नावाची मुलगी काय काय करायचं नाही ते सांगत होती. मांडी घालून जमिनीवर बसायचं नाही, आयुष्यभर. उदाहरण म्हणून तिने एका जुन्या पेशंटची गोष्ट सांगितली. नुकताच खुबा बदललेले एक गृहस्थ कुणाच्या तरी वास्तुशांतीला पंगतीच्या कडेला खुर्चीवर बसले होते. यजमानाने सगळ्यांदेखत टोमणा मारला. बिचारे खाली मांडी घालून बसले आणि उठताना सांधा निसटला. मी हसलो. असा गाढव यजमान कोण, असंही विचारलं. नाव तिला ठाऊक नव्हतं, टोमणा मात्र पाठ होता. पेशवाई बुडून पावणेदोनशे वर्षं झाली, आता गादी सोडून खाली या, असा.

दादा, मंदाकिनीने माझ्याकडे बघितलं नाही, जमिनीकडे बघितलं. त्या पोरीसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुला उन्हाने भोवळ आली असं उल्कावहिनी तेव्हा म्हणाल्या होत्या. त्यावर बासुंदी जास्त झाली असेल म्हणून मी आणखी एक हशा वसूल केला. बुफे म्हणजे उभ्याने मागितलेली भीक, असं छाती काढून सांगत नव्या फ्लॅटच्या गच्चीवर केळीची पानं मांडली होती ना मी! भोवळीचं निमित्त करून तू पंगत अर्धी टाकून गेलास असं समजून चार वर्षं रुसून बसलो, तोही मीच. ते गृहस्थ तूच ना? नाही म्हणालास तर जीव भांड्यात पडेल, पण खरं तेच लिही. फोनवर हे माझ्याच्याने बोलवलं नसतं.

लोभ असावा असं लिहायचा धीर होत नाही. थोडा उरला असेल तर असू दे.

तुझा
माधव


लोणी काळभोर
९ नोव्हेंबर २००१

चि. माधव यास,
अनेक आशीर्वाद.

गृहस्थ मीच. गाढव कोण ते तू ओळखलंसच, तेव्हा त्यावर शाई घालवत नाही.

ऑपरेशनचं आम्ही कुणालाच कळू दिलं नव्हतं. शालूचं लग्न जमत आलं होतं. बाप अधू आहे, उद्या लेकीच्याच गळ्यात पडेल, असं तिकडच्यांच्या मनात यायला नको होतं. तू हौसेने त्यांनाही बोलावलं होतंस आणि ते समोरच्याच पानांवर होते. तू बोललास, सगळे हसले, आणि व्याही माझ्या पायांकडे बघायला लागले. मग बसलो. ज्या खुर्चीवरून तू मला उठवलंस, तिच्यातच घालून चौघांनी मला जिन्याने खाली नेलं. पुन्हा भूल, पुन्हा महिनाभर अंथरूण.

पाय बरा झाला. राग पायाचा नाही. तुझ्या टोमण्यावर सगळ्यांबरोबर मीही हसलो होतो, त्याची लाज अजून जात नाही.

असो. तू भिऊ नकोस. पहिले दोन दिवस नको नको होतं, मग धरून उभं करतात. पायांच्या मध्ये उशी देतात, ती काढू नकोस. आणि नर्सवर विनोद करू नकोस, सुई तिच्या हातात असते. उल्का वीस तारखेला देवापुढे दिवा लावणार आहे. मी नको म्हटलेलं नाही.

कळावे.
रामदास


धायरी, पुणे
६ डिसेंबर २००१

ती. स्व. रामदासभाऊजी यांस,
मंदाकिनीचा सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झालं, टाकेही निघाले. वॉकरवर दारापर्यंत जाऊन येतात. पण बोलत नाहीत. शेजारच्या प्रेमलाताई भेटायला आल्या तर शौचाच्या भांड्याची खुर्ची पलंगाशी होती म्हणून झोपेचं सोंग घेतलं. वाकता येत नाही, तर मोजे तनया घालते. परवा ती घालत असताना यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दादाला त्या महिन्यात मोजे कोणी घातले असतील, असं मला विचारलं.

भाऊजी, माझंही एक आहे. ती खुर्ची उल्काताईंनी माझ्याकडून मागून घेतली होती. ऑपरेशनचं नाही, पण तुमचा पाय फार दुखतो एवढं कानात सांगितलं होतं. हे बोलले तेव्हा मी वरणाचं भांडं घेऊन दोन पावलांवर उभी होते. नवऱ्याचा हशा मोडायला नको म्हणून पुढच्या पानावर वरण वाढत गेले. हे मी यांनाही अजून सांगितलेलं नाही.

आम्हां दोघांना पदरात घ्या, एवढंच मागणं.

आपली
मंदाकिनी


धायरी, पुणे
१० फेब्रुवारी २००२

ती. स्व. रामदासदादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

आता काठीवर आलोय. बैठकीच्या उंचीवरून घरात रोज भांडण होतं, म्हणजे प्रकृती सुधारतेय. मंदाकिनीने मला वरणाचं सांगितलं. मी तिला काय बोलणार? माझा हशा मोडायची या घरात कुणाला सोयच नव्हती.

येत्या २४ तारखेला तनयाचा साखरपुडा आहे. त्याच गच्चीवर, पंगतच. शालूच्या सासरच्यांनाही बोलावणं गेलंय. कडेला दोन खुर्च्या आणि दोन टेबलं मांडणार आहे, एक तुझी, एक माझी. पानं वाढून झाली की मी उभा राहणार आणि त्या दिवशी काय झालं ते सगळ्यांना सांगून सगळ्यांसमोर तुझी माफी मागणार. त्याशिवाय मला घास जायचा नाही. वहिनींना घेऊन ये.

ओवाळून टाकण्याच्या लायकीचा
माधव


लोणी काळभोर
१५ फेब्रुवारी २००२

चि. माधव यास,
आशीर्वाद. तनयाला दोन जास्त.

आम्ही येतो. मंदाकिनीला सांग, तिचं पत्र उल्काने वाचलं आणि ठेवून दिलं. बासुंदी कर.

पण माफी मागायची नाही. शालूच्या सासरी माझा पाय अजून कुणाला माहीत नाही. तुझं मन हलकं व्हावं म्हणून मी तो पंगतीत वाढू देणार नाही. तुला उभं राहून चार चांगली वाक्यं बोलता येतील, लोक डोळे पुसतील, आणि त्या दिवशीसारखाच कार्यक्रम पुन्हा तुझाच होईल.

त्यापेक्षा असं कर. मी गच्चीवर येईन तेव्हा सगळे पानांवर बसलेले असू देत आणि तू एकटा खुर्चीवर. लोक बघतील. तुझ्याच तालमीतला कुणीतरी पेशवाई काढेल. तेव्हा हसायचं नाही, उठायचं नाही, ऑपरेशनचं कारण सांगायचं नाही. नुसतं बसून राहायचं.

तेवढं झालं की मी तुझ्या सोबतीला म्हणून शेजारच्या खुर्चीवर येऊन बसेन.

रामदास