बॉलवरची चकाकी

प्रिय ताई,

दुसऱ्या ऑपरेशननंतर मनगट कसं आहे? फोनवर तुझे मिस्टर म्हणाले, आता चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने उचलतेस. ऐकून मी फोन ठेवला आणि कामाला लागलो. माझं हे असंच.

बोलिंग हॉल अजून चालतो. बारा लेनच्या आठ झाल्या. मागच्या खोलीत बाबांच्या जागी आता मी बसतो. लोक बॉल आणून देतात, म्हणतात, नव्यासारखा चमकवून द्या. मी समजावतो, अहो, लेनच्या लाकडी पट्टीवर तेल असतं. खरखरीत बॉल त्या तेलातही पकड घेतो आणि पिनांच्या अलीकडे वळतो. चकचकीत बॉल सुळकन सरळ निघून जातो. कुणाला पटत नाही, चमक सगळ्यांनाच हवी असते.

तुझा बॉल मात्र मी जपला. सरावात प्रत्येक फेकीनंतर कोरड्या फडक्याने पुसायचा, आठवड्याला कोमट पाण्याने आत मुरलेलं तेल काढायचं, मग फिरत्या मशीनवर ठेवून सगळ्या बाजूंनी सारखा खरखरीत घासायचा. तू कधी तपासून घेतला नाहीस. कुणी विचारलं तर म्हणायचीस, "माझा भाऊ आहे ना!"

निवडीच्या सामन्याचा दिवस तू विसरली नसशील. जिंकलीस तर परगावच्या संघात जागा, वर नोकरी. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. सकाळी बाबा मागच्या खोलीत आले आणि त्यांनी पॉलिशची बाटली माझ्यापुढे ठेवली. "आज चकचकीत कर." मी म्हटलं, आज तेल भरपूर आहे, बॉल वळणारच नाही. ते म्हणाले, "मला कळतं ते. ती गेली तर आईचं कोण करणार? तू?"

ताई, मला कुणी धमकावलं नव्हतं. सव्वीस वर्षांचा घोडा होतो मी. आईच्या चादरी डोळ्यांपुढे आल्या, तिला कुशीवर वळवणं आलं, आणि मी झाकण उघडलं. इतकं सफाईदार पॉलिश मी पुन्हा कधी केलं नाही. बॉल हातात घेऊन तू विचारलंस, "आज एवढा चमकतोय कसा रे?" मी म्हटलं, बाबांनी लेन पाहिली, तेल कमी आहे आज, चकचकीतच बरा. तू मान डोलावलीस. तिसऱ्या फेकीला बॉल सरळ गेला तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. एकदा सामना सुरू झाला की बॉलच्या पृष्ठभागाला हात लावता येत नाही, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. मी जवळ येऊन म्हणालो, "बॉल ठीक आहे, तुझं मनगट वळत नाहीये."

हे वाक्य बाबांनी शिकवलेलं नव्हतं. ते माझं.

घरी येऊन तू बाबांची माफी मागितलीस आणि त्यांनी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. मग नऊ वर्षं आईचं सगळं केलंस. मधल्या काळात त्या धडधाकट मनगटासाठी डॉक्टरांचे उंबरठे झिजवलेस, इंजेक्शनं घेतलीस, आणि शेवटी ते चिरून घेतलंस. पहिल्या ऑपरेशनला मीच तुला घेऊन गेलो होतो. बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसलो होतो. त्या ऑपरेशननंतर हात जो वाकडा झाला तो झालाच.

आता ऐक. बाबांची डावी बाजू गेली आहे. तुझ्या भावजयीने पहिल्याच दिवशी हात झटकले, आणि मी कसा आहे ते तुला आता कळलंच. परवा बाबांनी स्वतःच्या उजव्या हाताने माझ्यापुढे कागद सरकवला. म्हणाले, "तिला लिही, ती नाही म्हणणार नाही." म्हणून हे पत्र. ते पलीकडच्या खोलीतून माझ्या लिहिण्याकडे कान लावून आहेत, मधूनमधून विचारताहेत, झालं का. तू रविवारी येतेस असं मी त्यांना सांगून टाकलंय. आज त्यांनी दाढी करून घेतली आणि खाट दाराच्या समोर ओढायला लावली. येऊ नकोस.

तुझाच,
धाकटा