मागच्या खोलीची कडी

अण्णा,

आई घरात दिसली नाही म्हणून शोधत सुटू नकोस, ती माझ्याबरोबर आहे. आम्ही नव्या घरी सुताराकडे चाललोय. भात झाकून ठेवलाय.

काल आतल्या खोल्यांची दारं बसवली. सगळ्यांना कडी आतून, मागच्या खोलीला तेवढी तू सांगितलंस म्हणून बाहेरून. आईने त्या कडीवरून हात फिरवला आणि विचारलं, "इथं गुरं बांधणार का गं?" मी म्हटलं, "नाही, ही माझी खोली."

ती भ्रमात तळ्याकडे निघून जाते, हे मलाही ठाऊक आहे. मी तिच्या उशाशी निजेन. पण ती कडी काढायचीच नसेल, तर माझं बोलणं खरं कर. मला त्या खोलीत घाल आणि रोज रात्री स्वतःच्या हाताने कडी लाव.

इंदू