इंग्रजीच्या पेपरचा दिवस

दामोदर,

हो, नावाने हाक मारतेय, आणि तीही एकेरी! लग्नाला सोळा वर्षं झाली, तुझं नाव उखाण्यात घेतलं तेवढंच. आता कोणाला घाबरू?

काल तुझी तेरवी झाली. कोंढ्याचं अर्धं गाव जेवून गेलं. तुझा एक जुना विद्यार्थी, आता पवनीला कापडाचं दुकान चालवतो, तो पंगतीत म्हणाला, "सरायनं सर्वनामं काय शिकवली होती! अजून ध्यानात हाये. धिस चेअर इज माइन, धिस सायकल इज माइन..." मग मला उंबऱ्याशी बसलेली पाहून तो गप्प झाला. पण पुढचं सगळ्यांना पाठ होतं. माझ्या नवऱ्याच्या तेरवीला लोक माझ्यावर हसले! म्हणून आज लिहायला बसले.

ओसरीवर तुझी शिकवणी चालायची. मी चहा घेऊन आले की तू छडी माझ्याकडे करायचास. "अन् हे? शी इज माइन!" पोरं फिदीफिदी हसायची. फार मजा वाटायची ना तुला?

पण चुलीपाशी बसून मी सगळं ऐकत होते रे! ही, शी, देम, हिमसेल्फ. "ही वॉशेस हिमसेल्फ," तू घोकून घ्यायचास, आणि तुझ्या अंघोळीचं पाणी मी विसणून ठेवलेलं असायचं. पोरं अडली की बरोबर उत्तर मी आत, ओठातल्या ओठात द्यायचे.

एकदा धीर करून विचारलं, बाहेरून मॅट्रिकला बसू का? काय बोललास, आठवतं?

"नापास झाली तं लोक मले हासतीन. पास झाली तं तू हासशीन. कायले पायजे?"

तरी भावाने माझा फॉर्म भरला. पवनीला जाऊन मराठीचा पेपर दिला. इंग्रजीच्या पेपरच्या सकाळी तू अंगणात पाहुण्यांचा घोळका आणून उभा केलास. "पुऱ्या कर," म्हणालास. पवनीची बस समोरून निघून गेली. कढईपाशी बसून तुला जे शाप दिले, ते आजही मागे घेत नाही.

आई म्हणते, मेलेल्या माणसावर राग धरू नये बाई. का नाही? तू मेल्यावर थोडाच वाईट वागलास? जिवंतपणीच वागलास!

आता ऐक. तू फाल्गुनात गेलास. तुझं वर्षश्राद्ध पुढच्या वर्षी पेपरांच्याच दिवसांत येणार, आणि मी पुन्हा बसतेय. दोन्ही एकाच दिवशी यावं, एवढंच देवाकडे मागणं आहे. एकोडीहून तुझी बहीण येईल. पाहुणे हातपाय धुऊन पानाची वाट पाहतील. कोणी तरी विचारेल, "वयनी कुठं गेल्या जी?"

ज्याला पुऱ्या हव्यात त्याने तळाव्या. मी पहिल्या बसने पवनीला गेलेली असेन. शब्द देते.

कोणाचीही नाही अशी,
यशोदा