चौदशीची खाडी

धुळे, १२ डिसेंबर

प्रिय आयुषी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी दचकशील आणि मग म्हणशील, या बयेचा मोबाइल पाण्यात पडला की काय! मोबाइल ठणठणीत आहे. पण फोनवर मी जरा गंभीर झाले की तू ‘जाऊ दे गं’ म्हणतेस, आणि मीही सोयीस्करपणे जाऊ देते. गेले अकरा महिने आपलं हेच चाललं आहे. म्हणून आज दवाखान्यातला शेवटचा पेशंट गेल्यावर मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला आणि कागद पुढे ओढला. आता तुला मध्ये बोलता येणार नाही.

हितेंद्रला तू कळवलंस ते मला समजलं. जानेवारीत आपल्या धुळे-जळगावच्या ग्रुपमधले आठ जण सायकलने कोकण किनारा करणार आहेत, मार्ग आखायला त्याने तुला विचारलं, आणि तू जळगावहून, मामांच्या घरून, एका ओळीत उत्तर दिलंस की मी सायकल सोडली. आयुषी, हे मला मान्य नाही. लळिंगच्या किल्ल्याचा चढ पाय न टेकता चढणारी तू. पद्मालयच्या जंगलातली पायवाट मला पहिल्यांदा तू दाखवलीस, तेव्हा एरंडोलला राहणाऱ्यांनासुद्धा ती ठाऊक नव्हती. तू मामांच्या दुकानात ओढण्यांच्या घड्या घालत बसणार आणि मी ते बघत राहणार, असं होणार नाही.

आता बातमी. दिवाळीच्या सुट्टीत मी दीपनगरला घरी गेलेच नाही. आबांना खोटं सांगितलं की दवाखान्यात ड्यूटी आहे, आणि सायकल बसच्या टपावर टाकून एकटीच कोकणात गेले. हर्णैपासून दक्षिणेला, तू आखलेल्या वाटेने. खरं सांगू, मागच्या वेळी मी तो किनारा पाहिलाच नव्हता, नुसती तुझ्यापुढे जायची धडपड केली होती. सपाट समुद्रकाठ समजून मी निघाले होते आणि तो निघाला नुसता चढ-उताराचा. सड्यावरचा जांभा दगड टायर खरवडून काढतो, तिथून लाल मातीच्या वाटेने घसरत खाली यायचं, सुरूच्या बनातून पुळणीवर उतरायचं. ओहोटीची ओली वाळू आपल्या हायवेपेक्षा गुळगुळीत लागते. कोरड्या वाळूत गेलं की मात्र सायकल ढकलतच न्यायची. मग गाव, मासळीचा वास, आणि पुन्हा खडा चढ. वासाने तू नाकाला रुमाल लावून सायकल चालवायचीस ते आठवून मी एकटीच हसत होते. आपल्याकडे दिवसभर सायकल चालवली तरी दोन्ही बाजूंना कपाशी ती कपाशी. तिथे दर तासाला जमीन बदलते. तू प्रत्येक बदलापुढे कागदावर बारीक अक्षरात गिअर लिहून ठेवला होतास आणि एकही चुकला नव्हता.

त्या खाडीपाशीही गेले. मुद्दाम गेले. ज्या काकूंनी आपल्याला होडीत ओढून घेतलं, त्यांनी मला लगेच ओळखलं. ‘हात मोडलेली ती गोरी पोरगी कशी आहे,’ म्हणाल्या. त्यांनी मला भरतीचा हिशोब शिकवला. तिथे तो पोराटोरांना येतो आणि आपल्या दोघींच्या पदव्यांना आला नाही. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, की पाणी परत फिरलं. आपण गेलो त्या दिवशी चौदस होती. मला पक्कं आठवतं, कारण तू हिरवी भाजी खाल्ली नव्हतीस. म्हणजे साडेदहाला भरती, साडेचारच्या पुढे ओहोटी संपली, आणि पुनवेच्या तोंडावरचं पाणी, म्हणजे जोरदार. तुझ्या पिशवीत पंचांग होतं गं. आठम-चौदस पाळणारी जैन मुलगी माझ्या शेजारी उभी होती आणि मला पाण्याबद्दल तिला काही विचारावंसं वाटलं नाही.

कारण पाण्यातलं सगळं मला कळतं, असं मला वाटत होतं. आपल्याकडे जानेवारीत गिरणेच्या पात्रातून ट्रॅक्टर जातात. नदी म्हणजे वाळू आणि मधोमध एक ओहळ, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. पाच वाजले होते. होडीवाला म्हणाला, होडी चिखलात बसली आहे, तासाभरात पाणी चढलं की नेतो. पलीकडे जेवणाची सोय होती, पण सहा-सव्वासहाला सूर्य बुडणार होता आणि त्यानंतर तू पाण्याचा थेंबही घेणार नव्हतीस. तुझे खाखरे दुपारीच संपले होते, त्यातले निम्मे मी खाल्ले होते. तुझं उकळलेलं पाणीही संपलेलं. तू शांतपणे म्हणालीस, थांबू या, एक दिवस उपास घडला तर काय बिघडलं. आणि मी म्हणाले, घोट्याएवढं तर पाणी आहे, चल. तू नाही म्हणालीस. मी सायकल खांद्यावर घेतली आणि चालायला लागले, कारण मला माहीत होतं की तू मला एकटीला जाऊ देणार नाहीस.

पुढचं तुलाही ठाऊक आहे. मधल्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलो, पाणी उलट दिशेने यायला लागलं, तुझा पाय कालवांच्या शिंपल्यांनी भरलेल्या खडकावर घसरला आणि मनगट मोडलं. तुझी सायकल तर डोळ्यांदेखत वाहून गेली. काठावर काकूंनी गरम चहा दिला. तू थरथरत पश्चिमेकडे बघितलंस आणि पेला बाजूला सारलास. मी माझा प्यायले. तुझाही प्यायले.

मग दवाखान्यात चंपालालकाका आले, लेकीसाठी रात्रभर गाडी चालवून. दारातच त्यांनी विचारलं, हे डोकं कुणाचं? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, माझं. काकांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी मान खाली घातली. तू काही खोटं बोलत नाहीस हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे विषय तिथेच मिटला. तुला जळगावला धाडलं, सायकलचं नाव काढायचं नाही असं ठरलं. जळगावला जाईपर्यंत दोन महिने तुझ्या मनगटाचे व्यायाम मीच घेत होते, आणि तुमच्या घरी काकू मला दर वेळी गरम फुलके वाढून म्हणायच्या, तू होतीस म्हणून पोरगी वाचली. ते फुलके मी खाल्ले, आयुषी.

मी गप्प का राहिले, तेही सांगते. तुमच्या दुकानात काका मला गादीवर बसवतात, तुमच्या स्वयंपाकघरात मी हाताने पाणी घेते, हे मी आमच्या कॉलनीत फुशारकीने सांगत आले. आमच्या समाजातल्या किती जणींना असं घर मिळतं? ते जाईल अशी भीती वाटली. तू ती भीती ओळखलीस आणि म्हणूनच ‘माझं’ म्हणालीस, हेही मला त्याच क्षणी कळलं होतं.

मागच्या रविवारी लळिंगच्या पायथ्याशी सगळे चहाला थांबलो होतो. हितेंद्रने नवा मार्ग दाखवला, तर एकजण म्हणाला, ‘हाऊ आयुषीना रस्ता शे का? मंग बठ्ठासले पोहता येस का?’ सगळ्यांना पोहता येतं का, या टोमण्यावर सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन बेसिनपाशी उभी राहिले आणि मला माझीच शिसारी आली. कपाटातून तुझा तो कागद काढला, जो मी आजवर कुणालाही दाखवला नाही. खाडीपुढे तू लाल शाईने लिहिलं आहेस: होडीनेच. ओहोटी असेल तर थांबणे.

तर हे पत्र मी एवढ्यासाठी लिहिते आहे. आज शुक्रवार. सोमवारी हे तुझ्या हातात पडेल, आणि त्याच दिवशी संध्याकाळी, दुकानातली गर्दी ओसरली की, मी काकांपुढे तो कागद ठेवणार आहे आणि सगळं सांगणार आहे. त्यानंतरच्या रविवारी ग्रुपमध्येही सांगणार आहे, नाव घेऊन, माझं. पत्र आधी टाकते आहे ते याचसाठी की मला मागे फिरता येऊ नये. काका गादीवर बसवोत की पायरीवरूनच परत पाठवोत, मी सांगूनच येईन. ते तुला फोन करतील. विचारतील, मृणाली सांगते ते खरं का? तू दयाळू आहेस, तुझी जीभ वळवळेल. पण मला वाचवू नकोस. नुसतं ‘हो’ म्हण.

काही झालं तरी तुझीच,
मृणाली