आधी माझं जेवण

३ जानेवारी, शनिवार
गौराला नांदेडच्या दवाखान्यातून पूर्णेला घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आता खाणंपिणं कमी होत जाईल, जबरदस्ती करू नका. कालचा पोरगा, त्याला काय कळतंय. बेचाळीस वर्षांत मी जेवल्याशिवाय गौरा कधी जेवली नाही. दवाखान्यात माझ्या जेवणाचा टाइम चुकला, म्हणून तिचंही राहिलं. रोगाचं मूळ सापडलं. उद्यापासून माझं जेवण तिच्या डोळ्यांसमोर, वेळेवर.

४ जानेवारी, सकाळी ११
तिच्या पलंगाजवळ बसून दोन भाकरी, पिठलं, ठेचा खाल्ला. ती एकटक बघत होती. मग सूनबाईने वरणाचं पाणी दिलं. दोन चमचे गेले. प्लॅन बरोबर आहे.

६ जानेवारी
एकच चमचा. मी कमी जेवतो, ते तिला कळत असणार. म्हणून चार धपाटे, वर दही. लेक सविता परभणीहून आली. म्हणाली, आण्णा, आईसमोर असं काय खायलाव? तिला सगळं समजावून सांगितलं. ती मोरीत जाऊन रडली. प्रवासाचा थकवा.

८ जानेवारी
गौराला पाण्यानेसुद्धा ठसका लागला. चूक लक्षात आली. आजवर मला गौराच वाढायची, आता सूनबाई वाढते, म्हणून तिला माझं जेवण झाल्यासारखं वाटत नसावं. तिला तर उठता येत नाही, तेव्हा उद्या स्वतः वाढून घेणार. ॲसिडिटीची गोळी घेतली.

९ जानेवारी
भाकरी कुठल्या डब्यात असते ते विचारावं लागलं. पिठलं सांडलं. गौरा हसली. नक्की हसली, सविताने पण पाहिलं. मी म्हटलं, माझं झालं, आता तू खा. ती हळू आवाजात बोलली.
"मला भूकच न्हाई हो. तुमाला हातानं वाढून घेता येतंय का, तेवढं बघायले."
ताट तसंच ठेवून उठलो. चुलीच्या धुराने डोळ्यांत पाणी आलं, असं सविताला सांगितलं. घरात गॅस आहे.

११ जानेवारी
आज काही प्लॅन नाही. सविताने दाखवलं तसा कापूस भिजवून गौराचे ओठ ओले करत बसलो. तिचा हात फार हलका झालाय. मला तिला जाऊ द्यायचं नाही.

१३ जानेवारी
गौरा काल दुपारी गेली. संध्याकाळी माती दिली.
आज शेजारच्या बायनाबाईंनी जेवण आणलं. माझं मी वाढून घेतलं. पहिला घास तोंडातच फिरत राहिला. सविता म्हणाली, आण्णा, दोन घास तरी खावा. मी म्हटलं, भूक नाही.
खरंच नव्हती. तिलाही खरंच नव्हती. आणि मी सहा दिवस तिच्यासमोर बसून जेवलो.