तीस फुटांचं शेपूट

३ जून
कॅम्पिंगचा ट्रेलर आला. तीस फूट! ड्राइव्हवेत मावत नाही, नाक फुटपाथवर. निखिल खुशीत. आमच्या पिकअपला वीस फुटीच शोभला असता, पण हट्ट माझा. सासूबाई पुण्याहून इकडे परदेशात पहिल्यांदाच आल्यात, गुडघे दुखतात, त्यांना धड पलंग नि धड बाथरूम हवं. म्हणजे हे मोठेपण माझ्यामुळे.

९ जून
मराठी मंडळाच्या ग्रुपवर ट्रेलरचा फोटो गेला. झालं! डोंगरातल्या कॅम्पचं सगळं सामान आमच्या गळ्यात. "तुमच्याकडे जागा आहे ना?" पातेली, शेगड्या, तांदूळ, सतरंज्या. नाही म्हणणं आम्हा दोघांनाही जमत नाही. मागच्या दारातून सगळं मागेच कोंबलं.

११ जून
मंडळातले साळवी काका आले. वर्षानुवर्षं ट्रेलर ओढतायत. पिकअपच्या दारावरचं वजनमर्यादेचं स्टिकर दाखवलं. माणसं, सामान आणि हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडतात तिथे, पडणारा भार, सगळं मिळून त्या आकड्यात बसायला हवं.
"ट्रेलरचं वजन बसतंय की काका," निखिल.
"ते रिकाम्याचं. रिकामा नेणारेस का?"

१२ जून
ट्रायल. हायवेवर शेजारून मोठा ट्रक गेला आणि ट्रेलरचं शेपूट डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. पिकअपसकट आम्ही हललो. निखिलने ब्रेक दाबला तर आणखीच. मग आपोआप थांबलं. घरी आल्यावर म्हणाला, "वारा होता यार." पान हलत नव्हतं.

१३ जून
सामान पुढे आणलं. हिचवर भार आला, पिकअप मागून बसला, पुढून वर. मागे ठेवलं तर शेपूट हलतं. काका फोनवर: "अर्धं उतरव, नाहीतर कॅन्सल कर." निखिल: "आणि चाळीस माणसं जेवणार कशात?" अर्धं परत मागे.

१४ जून, सकाळ
सासूबाईंनी चाकापाशी नारळ फोडला. मी माझी कार घेऊन मागून येणार. म्हटलं, आई माझ्या गाडीत, ईरासुद्धा. ईरा: "नो मम्मा! आय'म गोइंग विथ बाबा!" मी तोंड उघडलं, तर आई म्हणाल्या, "निघताना वाईट बोलू नये गं." पिकअपमध्ये ईराचा पट्टा मीच लावला. आठ वर्षांची आहे. गप्प का बसले?

दुपार
घाटमाथ्यावर थांबलोय. आई बाथरूमला गेल्या होत्या. चढावर दोनदा हललं, मी मागून बघितलं. पुढे पाटी: सहा मैल उतार.
निखिलला म्हटलं, ईराला माझ्याकडे दे. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुझा?" तेवढ्यात आई आल्या. दोघंही हसलो.
मागून मला ईरा दिसत नाही, निखिल दिसत नाही. ट्रेलरची पांढरी भिंत फक्त.
त्याचा इंडिकेटर लागला. वही ठेवते.