माझ्या नावावर क्रिस्टीना

८ जानेवारी, बुधवार

डावं मनगट मोडलं. धुण्याच्या दगडापाशी पाय सटकला. तिथलं शेवाळ मीच "उद्या घासू" म्हणून ठेवलं होतं, बोलायचं कुणाला! डॉक्टर म्हणाले सहा आठवडे प्लास्टर. उजवा हात असता तर हेही लिहिता आलं नसतं. पण बिस्किटं उचलायला दोन्ही हात लागतात, आणि कंपनीतला पट्टा माझ्यासाठी काही हळू चालायचा नाही.

हे म्हणाले, "होईल काहीतरी." यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप दिवाळीत बंद पडलं तेव्हाही हेच म्हणाले होते. तेव्हापासून रोज सकाळी मजुरांच्या नाक्यावर उभे राहतात. कधी काम मिळतं, कधी दुपारीच परत येऊन खाटेवर बसतात. घरात भरवशाचा पगार माझा एकटीचा.

९ जानेवारी

ठेकेदाराचा मुकादम, गोरक्षनाथ, घरी आला. आधी चहा प्यायला, मग बोलला. "ताई, जागा रिकामी ठेवता येत न्हाई. गेटवर लई बाया उभ्या हायेत." मग माझ्या नणंदेकडं बघून म्हणतो – "हिला पाठवा की तुमच्या कार्डावर. टोपी, मास्क, ॲप्रन. नुसतं डोळं दिसत्यात. कोन बघतंय?"

आमच्या एमआयडीसीत हे चालतंच. कुणाचं बाळंतपण, कुणाची सासू दवाखान्यात – तेवढे दिवस बहीण नाहीतर जाऊ तिच्या कार्डावर येते. मुकादमाला त्याचं दिलं की झालं. जागा टिकते.

क्रिस्टीना यांची धाकटी बहीण. आयटीआय झालीय, वर्षभर नुसते अर्ज करतेय. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. तीच म्हणाली, "जाते मी वहिनी. सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

१० जानेवारी

गेली. माझा ॲप्रन, माझं कार्ड, माझा डबा – लग्नातला, झाकणावर रेबेका कोरलेला. मी घरात. एका हातानं कणीक मळून बघितली. परातच फिरते सगळीकडं.

२२ जानेवारी

छबूबाई बघायला आली. पट्ट्यावर नऊ वर्षं माझ्या शेजारी उभी राहते. तिला सगळं माहीत आहे, पण तोंडातून शब्द जायचा नाही तिच्या. हसत सांगत होती, "तुझी नणंद लई चलाख हाय गं! सुपरवायझर म्हनतो, रेबेका, तुझ्या हाताला इंजन बसवलं का काय?"

मीही हसले. ती गेल्यावर राग आला. नऊ वर्षं मी काय तिथं झोपा काढत होते?

३ फेब्रुवारी

क्रिस्टीना जेवताना म्हणाली, "दिवसभर रेबेका, रेबेका. काल चर्चमध्ये पाळकांनी क्रिस्टीना म्हणून हाक मारली तर मी वळलेच नाही." हे हसले. तिला हसू येत नव्हतं. मी तिच्या ताटात आणखी भाजी वाढली.

१९ फेब्रुवारी

प्लास्टर काढलं. हात दुसऱ्याच कुणाचा वाटतो, काडीसारखा, पिवळा. मूठ मिटत नाही. डॉक्टर म्हणाले अजून महिना-दीड महिना जपा. क्रिस्टीनाचं तोंड उतरलं. सकाळी डबा घेऊन गेली.

२४ फेब्रुवारी

नवीन मशीन येणार, पुडे आपोआप भरणार. आमच्या लाईनीवर चोवीस बाया. त्यातल्या आठ ठेवणार! गेल्या दोन महिन्यांत कुणी किती ट्रे भरले त्यावर ठरणार. आणि कार्डं बंद. आता गेटवर अंगठा लावायचं यंत्र बसणार, ज्यांचा अंगठा घेतील त्याच आत. बाकीच्यांनी यायचं नाही. नोटीस नाही, काही नाही, सुपरवायझरनं जेवणाच्या सुट्टीत सांगून टाकलं म्हणे.

१ मार्च

नावं वाचून दाखवली. पहिलं नाव रेबेका.

क्रिस्टीनानं कंपनीच्या गाडीतून उतरल्या उतरल्या सांगितलं आणि मी तिला मिठीच मारली. मग विचारलं, "छबूबाई?" तिनं नाही म्हणून मान हलवली.

२ मार्च

भाजी बाजारात छबूबाई भेटली. मी नजर चुकवत होते, तीच समोर आली. "व्हय, तू ऱ्हायलीस, बरं झालं," म्हणाली. मग मेथीची जुडी उलटी-पालटी करत – "नणंदेच्या हातावर ऱ्हायलीस. माझ्या घरात नणंद न्हाई."

रागावून म्हणाली असती तर मी चार शब्द बोलले असते. ती तर साधंच बोलली. तिचा मालक दोन वर्षं अंथरुणावर आहे. मेथी न घेताच घरी आले.

४ मार्च

उद्या अंगठे घेणार. आणि लगेच पुण्याच्या साहेबांसमोर पट्ट्यावर उभं करून हात बघणार.

संध्याकाळी घरात भांडण. हे म्हणाले, "तूच जा. नाव तुझं, नोकरी तुझी, अंगठा पण तुझाच पाहिजे." मी यांच्यासमोर हात धरला. वाटीसुद्धा धरवत नाही मला. "आणि साहेबानं हाकललं तर? दोघं मिळून उभं राहू नाक्यावर?"

बोलायला नको होतं. हे उठून बाहेर गेले, चप्पलसुद्धा घातली नाही.

गोरक्षनाथला फोन केला. "आता कुनाचाबी अंगठा लागू द्या हो. हात बरा झाला की बदलून देतो. माझ्यावर सोडा." सोडलं त्याच्यावर. क्रिस्टीनाला म्हटलं, एवढं एकदा जा.

५ मार्च

लागला अंगठा. साहेब खूश. यंत्रावर हिरवा दिवा लागतो आणि माझं नाव येतं म्हणे. लहान पोर फ्रॉकला पुसतं तसा क्रिस्टीना अंगठा ओढणीला पुसत बसली होती, मग लगेच झोपली.

२७ मार्च

मूठ मिटली! आज दोन्ही हातांनी चपात्या लाटल्या. गोरक्षनाथला फोन केला. "बघू की पुढच्या आठवड्यात." याचा पुढचा आठवडा कधी येतो कोण जाणे.

६ एप्रिल, रविवार

क्रिस्टीनाला चाकणच्या कंपनीतून बोलावणं आलं. तिच्या सर्टिफिकेटवर, तिच्या स्वतःच्या नावानं. पगार माझ्यापेक्षा फार नाही, पण शिकवणार आहेत, राहायला हॉस्टेल आहे. मोबाईलवरचा मेसेज तिनं सगळ्यांना दाखवला, शेजारणीलासुद्धा. कित्येक महिन्यांनंतर ही पोरगी अशी मोकळी हसली. मला खरंच आनंद झाला. नंतर भांडी घासताना आठवलं – अंगठा.

गोरक्षनाथ म्हणाला, "होऊन जाईल ताई, तुमी बिनघोर ऱ्हावा."

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

चर्चमधली उपासना झाल्यावर क्रिस्टीनाला एसटीत बसवलं. शेंगदाण्याची चटणी, लाडू, नवी चादर दिली. खिडकीतून म्हणाली, "वहिनी, तुझं नाव तुला परत हं." हे रडले. मीही.

१५ एप्रिल, मंगळवार

ॲप्रन घालून गेले. गाडीत बायांनी जागा करून दिली. किती दिवसांनी बरं वाटलं.

गेटवर अंगठा ठेवला. लाल दिवा. पदराला पुसून परत ठेवला. लाल. वॉचमन सूर्यभानभाऊ मला नऊ वर्षं ओळखतात. म्हणाले, "ताई, यंत्र म्हनतंय तुमी रेबेका न्हाई." मी आधार कार्ड काढलं. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मागं रांग थांबली होती, मला बाजूला व्हावं लागलं. ज्या गेटातून रोज आत जायचे तिथं भिकाऱ्यासारखी उभी होते.

गोरक्षनाथ बाहेर आला. आता आवाजच वेगळा. "बदल पुन्याहून करावा लागतो. ते इचारनार, आधीचा अंगठा कुनाचा? तुमीबी जाल आन् मीबी. परवा सकाळपर्यंत अंगठ्याची बाई उभी करा. न्हाईतर नववं नाव तयार हाय."

"नववं कुणाचं?"

"छबूबाईचं."

चालत घरी आले.

१६ एप्रिल

दिवसभर विचार केला. छबूबाईला जागा मिळेल. तिच्या घरात चूल पेटेल. तिचीच होती ती जागा, खरं बघितलं तर. दुपारी हे नाक्यावरून परत आले, काम नाही. आमच्या पोराच्या फीचं सांगायला शाळेतून फोन आला. मग मला छबूबाई दिसेनाशी झाली.

क्रिस्टीनाला फोन लावला. ये म्हणायचं नाही असं ठरवून लावला. फक्त काय झालं ते सांगितलं. मागं पोरींचा हसण्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "वहिनी, मला आज ओळखपत्र मिळालं. माझा फोटो आहे त्यावर."

"छान," म्हटलं मी.

तेव्हाच फोन ठेवायला हवा होता. नाही ठेवला. ती काहीतरी बोलेपर्यंत तसाच कानाला धरून बसले. हे समोर होते, मान खाली घालून. यांनीही ठेव म्हटलं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

क्रिस्टीना काल शेवटच्या एसटीनं आली. नव्या चादरीची घडी तशीच होती.

सकाळच्या गाडीनं रेबेका कामाला गेली. मी तिला डबा भरून दिला.